यंत्राचा आवाज आणि मावळची माती

मावळात धनाच्या गोष्टींना तोटा नाही. लोहगडावर सुरतेची लूट आणून ठेवली होती, त्यातली सगळीच काही गडाखाली उतरली नाही. अमक्या पडक्या वाड्याच्या जोत्यात सात हंडे आहेत. तमक्या खिंडीत सोन्याचा नांगर पुरलाय, पण त्यावर नाग बसलाय. अशा गोष्टी आमच्या आज्याने आम्हाला सांगितल्या आणि आम्ही नातवंडांना सांगतो. फरक एवढाच की आज्याच्या काळी धन शोधायला पायाळू माणूस लागायचा, आता यंत्र लागतं. मेटल डिटेक्टर. पायाळू माणसावर जेवढा विश्वास होता तेवढाच आता यंत्रावर आहे. लोकांना वाटतं, यंत्र वाजलं म्हणजे सोनं आहे.

यंत्र तसं काही सांगत नाही. त्याची एक भाषा आहे आणि ती शिकावी लागते. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, भाताचा शेतकरी. कामशेतच्या पलीकडे आमची चार खाचरं. ही भाषा मी शिकलो ती आमच्या वाडीतल्या सुभेदार आबांकडून. आबा बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. सॅपर्सचं केंद्र इथून जवळच, खडकीला. रस्ता बांधायचा, पूल टाकायचा आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, ही त्या पलटणीची कामं. आबांची अर्धी नोकरी कानाला यंत्र लावून गेली. निवृत्तीनंतर त्यांच्या भाच्याने पाइपलाइनचा ठेका घेतला. रस्त्याखाली गाडला गेलेला व्हॉल्व्ह, चेंबरचं झाकण, जुनी लोखंडी लाइन सापडावी म्हणून त्याने एक यंत्र घेतलं होतं. भाचा ते पाहुण्यासारखं वापरायचा, आबा घरच्यासारखं.

एकदा भात झोडून झाल्यावर आबांनी माझ्या खळ्यात शाळाच भरवली. चार चार पावलांवर वीतभर खड्डे घेतले आणि त्यात एकेक वस्तू पुरली. चार इंची खिळा, बैलाच्या पायाची झिजलेली पत्री, मासे धरायच्या जाळ्याची शिशाची गोळी, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी, अल्युमिनियमचे दहा पैसे, जुना तांब्याचा पैसा आणि त्यांच्या मालकिणीचं चांदीचं जोडवं. जोडवं पुरताना काकू ओट्यावरून ओरडल्या, "न्हाई सापडलं तर दोघांना बी जेवायला मिळायचं न्हाई." मग आबांनी मला पाठमोरं उभं केलं आणि म्हणाले, "बघायचं नाही. नुसतं ऐकायचं. कुठला आवाज कशाचा ते सांग."

त्याआधी आवाज येतो कसा ते त्यांनी समजावलं, ते जमेल तसं सांगतो. यंत्राच्या काठीच्या टोकाला जेवायच्या ताटाएवढी चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी. तारेतून वीज सारखी उलटसुलट वाहते, त्यामुळे चकतीखालच्या जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते एखाद्या धातूत शिरलं की त्या धातूत विजेचे बारीक भोवरे फिरायला लागतात, नदीच्या डोहात फिरतात तसे. हे भोवरे आपलं वेगळं क्षेत्र उलट वर पाठवतात आणि चकतीतलं दुसरं वेटोळं ते ऐकतं. म्हणजे धातू आपण होऊन काही बोलत नाही. यंत्र हाक मारतं आणि धातू ओ देतो. चांदी आणि तांब्यातून वीज सहज वाहते, त्यांची ओ वेगळी. शिसं तितकं सहज वाहू देत नाही, त्याची वेगळी. लोखंड तर चुंबकालाच चिकटणारं, त्याची तऱ्हाच न्यारी. ओ किती उशिराने आली, किती जोरात आली, यावरून यंत्र आवाज ठरवतं.

भाच्याच्या यंत्रात लोखंडाला जाड, खालचा आवाज होता. बूं. खिळ्यावरून चकती नेली की बूं तुटक यायचं. पत्रीवर तेच बूं भरून यायचं. शिशाची गोळी, चंदेरी पट्टी आणि दहा पैसे यांचा आवाज मधल्या पट्टीतला, टुंग. तांब्याचा पैसा आणि जोडवं वरच्या पट्टीत, टिंग, घंटेसारखं स्वच्छ. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचा सूर निराळा असतो, पण ही खालून वर जाणारी उतरंड बहुतेक यंत्रांत अशीच असते. तळाला लोखंड, मध्ये पातळ आणि लहान जिनसा, वर चांदी-तांबं.

एवढं कळलं की माणसाला वाटतं आपल्याला सगळं आलं. आबांनी मग खिळा काढला आणि तिरका खोचला. आता त्याच्या एका टोकावर बूं आणि दुसऱ्या टोकावर चक्क टिंग. मी बोलून गेलो, "आबा, हे जोडवं." आबा हसले. लोखंड सोंग घेतं. गंजलेला वाकडा खिळा, पत्र्याचा तुकडा, बाटलीचं झाकण अशा जिनसा वरच्या पट्टीत क्षणभर किंचाळतात. त्यांना ओळखायच्या तीन खुणा आबांनी दिल्या.

पहिली खूण, चकती दोन्ही बाजूंनी फिरवायची. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आवाज सारखाच आला, मग स्वतः नव्वद अंशात फिरून परत बघितलं तरी तोच आला, तर जिन्नस गोल आणि भरीव. एका बाजूनेच किंचाळला आणि दुसऱ्या बाजूने मुका झाला, तर लोखंडाचं सोंग. दुसरी खूण, चकती हळूहळू वर उचलायची. लहान जिन्नस असेल तर वीतभर वर गेल्यावर आवाज मरतो. हात-दीड हात वर नेली तरी आवाज हटत नाही, तर खाली मोठं काहीतरी आहे. पत्रा, पाइप, डबा. तिसरी खूण, आवाजाच्या कडा. पैशाचा आवाज टिकलीएवढ्या जागेत सुरू होऊन तिथेच संपतो. पाइपाचा आवाज रेघेत चालतो. आवाजाच्या कडा शोधत गेलं की जमिनीखालची वस्तू वर आखता येते. आंधळा माणूस चेहऱ्यावरून हात फिरवून ओळखतो, तसंच हे.

हे झालं खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर. खाचरात गेलो तर यंत्र वेड्यासारखं करायला लागलं. चकती जरा वरखाली झाली की खर्र, खर्र. त्याचं कारण आपला सह्याद्री. आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा आणि त्यात लोखंडाचे चुंबकीय कण ठासून भरलेले. दगड झिजून माती झाली तरी कण जात नाहीत. म्हणून मावळची मातीच थोडी थोडी लोखंडासारखी बोलते. वाळूच्या किनाऱ्यावर जे यंत्र मुकाट्याने चालतं ते इथे बडबड करतं. त्याला आधी मातीची ओळख करून द्यावी लागते. धातू नसलेल्या जागी चकती जमिनीजवळ वरखाली करायची आणि बटण फिरवत राहायचं. खर्र थांबलं की यंत्र म्हणतं, ही माती मला कळली, आता हिच्याशिवाय वेगळं काही असेल तर सांगतो. तरीसुद्धा एखादा काळा धोंडा टुंग करून फसवतो. भाजलेली मातीही वाजते, कारण आगीत तापून तिच्यातल्या लोखंडाचा गुण बदलतो. जुनी वीटभट्टी, चुलाण, जळालेलं घर यांच्या जागा यंत्राला कळतात. तिथे धातू नसतो, पण माणूस राहून गेलेला असतो.

आता सोन्याचं सांगतो. एका वर्षी लावणीच्या वेळी आमच्या वहिनीची बुगडी चिखलात पडली. आईची बुगडी होती ती, लग्नात वहिनीच्या कानात घातलेली. दिवसभर बायकांनी चिखल चाळला. वहिनी जेवल्या नाहीत. संध्याकाळी आबा यंत्र घेऊन आले. भाचा म्हणाला, "मामा, लोखंड आणि कचरा बंद करायचं बटण दाबा, म्हणजे नुसतं सोनं वाजेल." आबांनी ते बटण उलट सोडून दिलं. ते म्हणाले, "बारक्या सोन्याचा आवाज आणि गोळ्यांच्या पट्टीचा आवाज एकच असतो. कचरा बंद केला की बुगडीही बंद."

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून दिलं आणि दोरी लावून पट्टे पाडले. एकेका पट्ट्यातून आबा चालायचे, मी मागून काठ्या रोवायचो. मधल्या पट्टीचा प्रत्येक टुंग हाताने चाळायचा. औषधाच्या पट्ट्या निघाल्या, फवारणीच्या बाटलीचं पातळ झाकण निघालं, एक दहा पैशाचं नाणं निघालं. दुपारी बुगडी निघाली. तिच्यावरचा टुंग आणि फवारणीच्या झाकणावरचा टुंग यांत मला तरी काही फरक ऐकू आला नव्हता. बुगडी सापडली, कारण आबांनी एकही आवाज आधीच ओळखला असं मानलं नाही. तेव्हापासून कुणी म्हणालं की माझं यंत्र सोनं ओळखतं, की मी त्याला चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

या यंत्राचा जन्मही अशाच एका शोधात झाला. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. गोळी अंगात राहिली. ती कुठे आहे ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईने एक यंत्र जुळवलं. धातूजवळ नेलं की टेलिफोनच्या कर्ण्यातून आवाज यायचा. त्यांनी ते राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं, पण आवाज काही नीट लागेना. नंतर कळलं की बिछान्याखाली पोलादी तारांची गादी होती. शिवाय मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून तपासणी त्या बाजूलाच झाली. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. आबा ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि म्हणायचे, "यंत्र चुकलं नाही. गादी खरंच लोखंडाची होती."

दुसऱ्या महायुद्धात यंत्र सैनिकांच्या हाती आलं. त्याआधी सुरुंग डोळ्यांनी, हातांनी आणि देवाच्या भरवशावर काढायचे. १९४१ च्या सुरुवातीला बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्र सिंग भगत यांनी आफ्रिकेत चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. त्यांची गाडी दोनदा उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीचा प्रत्येक सॅपर हे नाव घेतो. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये असलेल्या योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने उभ्याने चालत वापरता येईल असं हलकं यंत्र तयार केलं आणि १९४२ च्या अल अलामेनच्या लढाईत ते वाळवंटात कामाला आलं. आज दुकानात मिळणारं यंत्र त्याच घराण्यातलं. आबा म्हणायचे, शिपाई ज्या आवाजाने जागेवर थिजतो, त्याच आवाजाने धन शोधणारा नाचायला लागतो.

हे सगळं आपल्या मावळच्या कामाचं का, तर आपली जमीन लढाईची जमीन आहे. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायचं होतं. सुमारे ३,९०० माणसं आणि सामान ओढायला १९,००० बैल. बोरघाट चढून फौज खंडाळ्याला आली आणि मग तिची गोगलगाय झाली. काही दिवस तर मैलभरही चाल नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा चारी बाजूंनी बोचत होत्या, समोर रान जाळत, चारा नाहीसा करत मागे सरत होत्या. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याच्या धाडसावर मराठे इतके खूश की शत्रू असून त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणाले. वडगावात त्याची समाधी दाखवतात.

कार्ल्याहून तळेगावला जायचं म्हणजे इंद्रायणीच्या खोऱ्यातून, आमच्या शिवारावरूनच. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली तर गाव रिकामं आणि जाळलेलं. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा मोठ्या तळ्यात ढकलल्या, दारूगोळा आणि सामान जाळलं आणि गुपचूप परत फिरले. मराठ्यांना सुगावा लागलाच. अंधारातच हल्ला सुरू झाला. मागची बाजू कॅप्टन हार्टली आणि त्याच्या शिपायांनी लढवली, ते शिपाईही बहुतेक आपल्याच देशातले. १२ तारखेला फौज कशीबशी वडगावला आली. एका दिवसात साडेतीनशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली की नाहीशी झाली. पुढे वडगावचा तह झाला आणि इंग्रजांना मान खाली घालून मुंबईला जावं लागलं.

हे पुस्तकांत आहे. पण पुस्तकं सेनापतींची असतात. अंधारात कुठल्या बांधाआड कोण उभं राहिलं, कुठल्या ओढ्याशी रांग मोडली, हे जमिनीलाच माहीत. बंदुकीची गोळी शिशाची, सुपारीएवढी. झाडलेली गोळी आपटून चपटी होते. भरताना घाबऱ्या हातातून निसटलेली गोल राहते. म्हणजे गोल गोळ्या जिथे पडल्या तिथे बंदूकवाले उभे होते आणि चपट्या जिथे पडल्या तिथे त्यांचा नेम होता. शिशाचा आवाज टुंग, लोखंडी गोळ्याचा बूं. कान असलेल्या माणसाला शिवारात लढाई ऐकू येईल.

हे काही मी मनचं सांगत नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला १८७६ साली कस्टर नावाचा सेनानी आपल्या तुकडीसह मारला गेला. ती लढाई शेवटी शेवटी कशी झाली ते सांगायला त्याच्या तुकडीतला कुणी उरला नाही. जिंकलेल्या आदिवासी वीरांच्या सांगण्यावर गोऱ्यांनी विश्वास ठेवला नाही. १९८३ साली तिथलं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वाच्या लोकांनी यंत्रवाले स्वयंसेवक रांगेत चालवले. आवाज आला की निशाण रोवायचं. त्यांच्या मागून दुसरे लोक हळूच उकरायचे, मोजमाप घ्यायचे, गोळी कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहायचे आणि मगच उचलायचे. काडतुसावरच्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे फिरली ते काढलं. शंभर वर्षांनी कळलं की आदिवासी म्हातारे सांगत होते त्यात पुष्कळ तथ्य होतं. धन म्हणाल तर त्या मैदानात कवडीचं नव्हतं.

आमच्या वडिलांना खालच्या खाचरात नांगरताना एक लोखंडी गोळा सापडला होता. मोठ्या बेलफळाएवढा, पण उचलताना हाताला ओढ द्यायचा. तो वर्षानुवर्षं गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होता. पुढे कुणीतरी भंगारात दिला. तोफेचा होता की आणखी कशाचा, ते पारखायला गोळाच राहिला नाही. पण तो कुठे सापडला ते घरात सगळ्यांना पाठ आहे. जांभळीपासून ओढ्याकडे तिसरा बांध, त्याच्या अलीकडे. वडील नांगर धरायचे तेव्हा दरवर्षी तिथे बैल थांबवून सांगायचे.

चार वर्षांपूर्वी दोन माणसं जीपमधून आली. हातात नवं यंत्र. ओढ्याकाठचं खाचर दोन रात्री द्या, निघेल त्यात निम्मं तुमचं, म्हणाले. मी विचारलं, रात्रीच का? त्याला उत्तर नव्हतं. मी नको म्हणालो. महिनाभराने लोहगडाच्या वाटेला गेलो तर झाडीत कंबरभर खड्डे, बाजूला लिंबू, हळद आणि विडीची थोटकं. गड तर केंद्राच्या संरक्षणातला, आता जागतिक वारसा झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. खणणाऱ्याला हंडा मिळाला नसणार. पण खणताना त्याने खिळे, कड्या, खापरं भिरकावून दिली होती. माझ्या लेखी तीच चोरी मोठी. खापर कुठल्या थरातलं, खिळा कुठल्या दाराचा, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

जागा हरवली की केवढं नुकसान होतं ते दायमाबादला बघा. १९७४ साली प्रवरेकाठी झाडाचा बुंधा खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाची चार चित्रं मिळाली. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. साठ किलोच्या वर वजन. अशी चित्रं महाराष्ट्रात दुसरी नाहीत. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, गावाच्या वस्तीचे थर मिळाले. पण ही चित्रं त्या थरांतून पुरातत्त्ववाल्यांच्या डोळ्यांदेखत निघालेली नव्हती, म्हणून ती नक्की किती जुनी यावर विद्वानांचे वाद झाले. त्या शेतकऱ्याचा त्यात काहीच दोष नाही. तो बुंधा काढत होता. सांगायचं एवढंच की साठ किलो काशालाही स्वतःचं वय सांगता आलं नाही, ते सांगणारी माती सुटली होती.

याच्या उलट इंग्लंडमधल्या होक्स्नी गावचं. १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याने यंत्रवाल्या मित्राला बोलावलं. हातोड्याऐवजी रोमन काळातली नाणी आणि चांदीचे चमचे वाजले. थोडं उकरल्यावर मित्र थांबला आणि कळवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले. त्यातले मोठे भाग मातीसकट उचलले, म्हणून आत काय कसं रचलं होतं तेही कळलं. जवळजवळ १५,००० नाणी निघाली. बक्षीस मिळालं ते मित्राने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला आणि तोही संग्रहालयात गेला. शेतकरी म्हणून मला त्या हातोड्याचं फार कौतुक वाटतं.

आपल्याकडेही कायदा आहे. १८७८ चा, गुप्तधनाचा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. कुणी मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा त्या कायद्यातच लिहिलाय. सरकारने वस्तू ठेवून घेतली तरी मोबदला द्यायची सोय आहे. आपल्या लोकांना वाटतं कळवलं की सगळं जप्त आणि वर पोलिसांचा ससेमिरा. म्हणून शिवराया वितळतात आणि तांब्याचे हंडे मोडीत जातात.

आता आमच्या खालच्या खाचराला गिऱ्हाईक आलंय. पुण्याच्या माणसांना फार्महाऊस हवंय. भावाच्या मुलांचा वाटा आहे, त्यांना शिक्षणाला आणि घराला पैसा लागतो, मी त्यांना अडवणार नाही. इंद्रायणी तांदूळ आमच्याच वडगावच्या संशोधन केंद्रात निघाला, पण त्या तांदळावर चार पोरांची लग्नं होत नाहीत, हेही खरं. सौदा झाला की जेसीबी येईल, बांध मोडेल आणि जमीन सपाट करेल. वरची दोन फूट माती इकडून तिकडे गेली की बूं आणि टुंग सगळे एका ढिगात. मग कितीही चांगलं यंत्र आणा, त्या ढिगाला लढाई आठवायची नाही.

म्हणून गेल्या दोन उन्हाळ्यांत आबा आणि मी ते खाचर चाललो. आबांचं वय झालं, तेव्हा यंत्र मी धरतो आणि ते बांधावर बसून ऐकतात. दोरी लावून पट्टे पाडले, बुगडीच्या वेळेसारखेच. खणलं काही नाही. जांभळ आणि हद्दीचा दगड या दोन ठिकाणांपासून टेप लावून प्रत्येक आवाजाचं अंतर वहीत लिहिलं. आवाज कुठल्या पट्टीतला, चकती किती उचलली तेव्हा मेला, दोन्ही बाजूंनी सारखा आला का, एवढंच. बरेचसे आवाज पत्र्यांचे आणि पट्ट्यांचे असणार, हे मला माहीत आहे. पण वडिलांनी बैल थांबवायचे त्या जागेच्या आसपास मधल्या पट्टीचे आवाज दाट आहेत. गोल, भरीव, वीतभर खोल. ते बांधाला समांतर रांगेत पडलेत. बाकीच्या खाचरात तशी रांग कुठेच नाही.

ते शिसं आहे की फवारणीची झाकणं, हे ज्यांचं काम आहे त्यांनी उकरून बघावं. वहीची एक झेरॉक्स काढलीय, गटाचा नकाशा तिला टाचलाय. सौद्याच्या आधी ती पुण्याला डेक्कन कॉलेजात आणि पुरातत्त्व खात्यात नेऊन द्यायची आहे. आबा म्हणतात, मीपण येतो, आवाज तोंडाने काढून दाखवायला कुणीतरी लागेल.

मावळात ज्यांच्या खाचराचा सौदा चाललाय त्यांना माझं सांगणं आहे. यंत्र घ्यायची गरज नाही. नांगराला कुठे काय लागलं होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुठला बांध, कुठल्या झाडापासून किती पावलं, कोणत्या साली, एवढं कागदावर लिहून ठेवा. झाड तोडायच्या आधी लिहा.